गावची मोटरसायकल पावसाळ्यात बंद कशी ठेवावी: मे अखेर ते गणपती

मुंबईत नवी गाडी आली की जुनी स्प्लेंडर कोकणात गावी जाते. मे महिन्यात ती दणकून फिरते. लग्नं, पूजा, ग्रामदेवता, पाहुण्यांकडे आंब्याच्या पेट्या, संध्याकाळी समुद्र. मग सुट्टी संपते, चाकरमानी एसटी किंवा रेल्वे धरतो आणि गाडी पडवीत उभी राहते, ती थेट गणपतीपर्यंत. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच तीन-साडेतीन महिन्यांत. हरतालिकेच्या दिवशी कव्हर काढावं तर बॅटरी झोपलेली, चेन तांबडी झालेली, मागचा ब्रेक धरून बसलेला आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचा संसार. ऐन सणाच्या गर्दीत गावचा मेकॅनिक हाती लागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

नुसती उभी राहिली म्हणून गाडी खराब होत नाही. तिला खराब करतो ओलावा, आणि किनाऱ्याजवळ त्याच्या जोडीला खारी हवा. त्यामुळे खाली लिहिलेल्या कामांचं सूत्र एकच आहे: गाडी स्वच्छ करा, पूर्ण कोरडी करा, पाणी आणि हवा जिथून आत शिरते त्या जागा बंद करा आणि मग तिला शांत राहू द्या. ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेव रे’ हा गावोगावचा सल्ला मला अजिबात पटत नाही. कारण पुढे येईलच.

कधी आणि काय घेऊन

निघायच्या आदल्या रात्री घाईघाईत हे होत नाही. दोन दिवस आधीची एक सकाळ राखून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाच्या सरी सुरू झालेल्या असतात, म्हणून कडक उन्हाचा दिवस मिळाला की तोच धरा.

सामान फार लागत नाही. गाडी धुण्याचा शाम्पू, दोन बादल्या, जुने सुती कपडे, दात घासायचे जुने ब्रश, चेन क्लीनर किंवा मिळालंच तर रॉकेल, ९० नंबरचं गिअर ऑइल, इंजिन ऑइलची बाटली, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, प्लगपाना, पॉलिश पेपर, थोडं ग्रीस, दोन-तीन प्लॅस्टिक पिशव्या आणि एक भडक रंगाचं फडकं. या फडक्याचं काम शेवटी आहे, पण ते विसरू नका.

धुणं: आधी पाणी कुठलं ते बघा

किनारपट्टीवरच्या बऱ्याच विहिरींना मे महिन्यात मचूळ पाणी येतं. अशा पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ काढायला मीठच वापरणं. पिण्याचं गोडं पाणी वापरा, दोन बादल्या कमी लागल्या तरी चालेल. गाडी पुळणीवर नेली असेल, चाक लाटेत गेलं असेल, तर ती त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायला हवी. खारं पाणी वाळलं तरी मीठ सांदीत राहतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गंज आतून चालू राहतो. खरं सांगायचं तर गाडी पुळणीवर न्यायचीच कशाला, पण मेमध्ये हे कोणी ऐकत नाही.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सुरुवात करा. तापलेल्या सिलिंडरवर आणि सायलेन्सरच्या बेंडवर गार पाणी मारू नये. सायलेन्सरच्या तोंडावर पिशवी बांधा. किल्लीच्या भोकावर, हँडलच्या स्विचांवर आणि मीटरवर थेट धार नको.

जांभ्याची लाल माती कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका. तिचे कण टाकीच्या रंगावर बारीक रेघा ओढतात आणि उन्हात त्या लगेच दिसतात. आधी साध्या पाण्याने गाडी भिजवा, दहा मिनिटं थांबा, माती सुटू द्या, मग वरून खाली शाम्पू. टाकी, सीट, साइड पॅनेल यांना एक कापड आणि एक बादली. चाकं, इंजिन आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला दुसरं. एकच कापड सगळीकडे फिरवलं की चाकाची वाळू टाकीवर येते. कपडे धुण्याची पावडर वापरू नका. ती रंगावरचं पॉलिश खरवडून नेते आणि फटींत उरलेला तिचा अंश धातूला बाधतो.

माती जास्त अडकते ती तीन ठिकाणी: मागच्या मडगार्डच्या आत वरच्या बाजूला, इंजिनच्या पंख्यांच्या (बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटीत आणि डबल स्टँडच्या सांध्यात. हात घालून, ब्रशने, थोडा वेळ देऊन काढा. मडगार्डमधला मातीचा थर पावसाळाभर ओल धरतो आणि पत्रा तिथूनच सडतो.

वॉशिंग सेंटरला न्यायची असेल तर दोन गोष्टी बजावून सांगा. जोराची धार चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर जवळून मारायची नाही. तेल-ग्रीस निघून जातं आणि त्या जागी पाणी बसतं. दुसरं, डिझेल मारायचं नाही. इंजिन दोन दिवस काळंभोर चमकतं हे खरं, पण डिझेलने रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याच्या तेलकट थरावर धूळ चिकटते. उभ्या राहणाऱ्या गाडीला याचा काही उपयोग नाही.

धुतल्यावर फडक्याने पुसून गाडी तासभर सावलीत, वाऱ्यावर ठेवा. टाकीच्या झाकणाभोवतीच्या खोबणीतलं पाणीही टिपून घ्या.

ही खोबण महत्त्वाची आहे. बऱ्याच गाड्यांत झाकणाभोवती साचलेलं पाणी वाहून जायला एक बारीक भोक आणि त्याला जोडलेली नळी असते. मातीने ती बुजली की पावसाचं पाणी तिथेच साचतं आणि हळूहळू टाकीत उतरतं. झाकण बंद ठेवून चमचाभर पाणी खोबणीत घाला. ते टाकीखालून बाहेर आलं तर ठीक. नाही आलं तर पातळ तार हलकेच घालून वाट मोकळी करा. ‘पेट्रोलमध्ये पाणी आलं’ म्हणून पंपवाल्याला शिव्या घालण्याआधी हे भोक तपासावं असं मला नेहमी वाटतं.

पंपाची एक फेरी, चार कामं

पुसून झाली की गाडी काढा आणि तालुक्याच्या पंपावर जाऊन या. आपल्याकडे पंप दहा-पंधरा किलोमीटरवर असतो, तेच इथे सोयीचं पडतं. एवढ्या अंतरात इंजिन आणि सायलेन्सर टोकापर्यंत तापतात, आत उरलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं. वाटेत दोन्ही ब्रेक हलके दाबत राहा म्हणजे ड्रम आणि डिस्क सुकतात. पंपावर टाकी भरून घ्या, चाकांत हवा भरा. परत याल तेव्हा ऑइल गरम आणि पातळ झालेलं असेल, तेच बदलायचं आहे.

टाकी का भरायची? अर्धी रिकामी टाकी म्हणजे अर्धी टाकी दमट हवा. रात्री गारवा आला की त्या हवेतली ओल पत्र्याला आतून धरते, वरच्या भागाला गंज चढतो आणि त्याची भुकटी खाली पेट्रोलमध्ये उतरते. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात घेतं, पण जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) किंवा पंप पेट्रोल घेतो तो नेमका तळातूनच. टाकी भरलेली असली की हवेला जागा कमी आणि पाणी यायला वावही कमी. मात्र गळ्यापर्यंत ठासून भरू नका. पेट्रोल उन्हात फुगतं, त्याला दोन बोटं जागा हवी.

पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर मिळत असेल तर भरायच्या आधी टाकीत घाला, म्हणजे परतीच्या वाटेवर ते सगळीकडे मिसळतं. तीन महिन्यांसाठी ते हवंच असं नाही. सहा महिने गाडी उभी राहणार असेल तर मी घालीन.

हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवा, कारण ट्यूबमधून ती हळूहळू उतरतेच. टायरवर कंपनीने दिलेल्या कमाल आकड्याच्या पुढे मात्र जाऊ नका. जाता जाता टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. गावी ठेवलेल्या गाडीचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला बारीक चिरा पडल्या असतील तर गणपतीला नवे घ्यायची तयारी ठेवा.

ऑइल आत्ताच बदला, गणपतीला नव्हे

बहुतेक जण उलट करतात: ‘आता उभीच राहणार, परत आलो की बदलू.’ पण वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि पाणी मुरलेलं असतं. ते तीन महिने बेअरिंग आणि गिअरच्या अंगाला लागून राहणार. म्हणून जुनं ऑइल आत्ता काढा.

गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करा, खाली पसरट भांडं ठेवा, ड्रेन बोल्ट सोडा. ऑइल गरम असतं, हात सांभाळा. धार थांबून थेंब थेंब पडू लागलं की पुढे-मागे थोडी हलवून आणखी दहा मिनिटं ठेवा. बोल्ट पुसून, नवा वॉशर घालून बसवा. हा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यात बसतो; पाना लांब असला म्हणून सगळी ताकद लावली तर आटे जातात आणि मग हजाराचं काम निघतं. नवं ऑइल किती आणि कुठल्या ग्रेडचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघून घ्या. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे कारचं ऑइल चालत नाही.

नवं ऑइल घातल्यावर मिनिटभर इंजिन चालवा म्हणजे ते सगळीकडे पोचेल. मग बंद करा. आता गणपतीपर्यंत स्टार्टर दाबायचा नाही. काढलेलं ऑइल गॅरेजवाल्याला द्या. मागल्या दारी ओतलं तर पहिल्या पावसात ते विहिरीकडे वाट काढतं.

कार्बोरेटर आणि प्लग

गाडी कार्बोरेटरची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा छोटा स्क्रू सोडून आतलं पेट्रोल बाटलीत घ्या. इंजिन तेव्हा थोडं निवलेलं असावं आणि आसपास चूल, विडी काही नसावं. हे चमचा-दोन चमचे पेट्रोल आतच राहून उडून गेलं की मागे चिकट राळ उरते आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचं, केसाएवढं भोक बुजवते. गणपतीला ‘किका मारून पाय मोडला पण गाडी काही उठेना’ याच्या मागे बहुतेक वेळा ही राळ असते. एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, त्यांत हे काम नाही. त्यांचा पेट्रोल पंप मात्र टाकीत बुडालेला असतो, म्हणून त्यांनाही टाकी भरलेलीच हवी.

प्लग काढून भोकातून चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोडा. किल्ली बंद ठेवून किक हाताने हळू चार-पाच वेळा फिरवा. किक नसेल तर डबल स्टँडवर टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा, काम तेच होतं. सिलिंडरच्या भिंतीला आणि रिंगांना तेलाचा पापुद्रा बसतो. प्लग पुसून परत लावा, आधी बोटांनी फिरवत आणि शेवटी पान्याने. तीन महिन्यांसाठी हे टाळलं तरी निभावतं, पण समुद्र हाकेच्या अंतरावर असेल तर टाळू नका.

चेन, केबल आणि पुसायचं तेल

स्प्लेंडरसारख्या गाड्यांची चेन पूर्ण कव्हरमध्ये असते, म्हणून ती कुणाला आठवत नाही. पण त्याच कव्हरच्या तळाला चिखल साचतो आणि चेन पावसाळाभर त्या ओलीत राहते. कव्हरचे बोल्ट काढून आतला गाळ खरवडून काढा. उघड्या चेनला एवढी खटपट नाही. चेन क्लीनर किंवा रॉकेल ब्रशने लावून मागचं चाक हाताने फिरवत घासा. पेट्रोल नको, ज्या चेनच्या कड्यांत रबरी रिंगा असतात त्यांना ते खातं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसण्याचा शहाणपणा करणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत. चाक हातानेच फिरवा.

कोरडी झाली की ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने कड्यांवर सोडा, अर्ध्या तासाने वरचं पुसून घ्या. जळकं ऑइल लावायची गावाकडची पद्धत आहे. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण त्यात काजळी आणि धातूची बारीक पूड असते. आत्ताच नवी बाटली फोडलीत, तर तळाशी उरलेलं चमचाभर नवं ऑइल लावा की. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकायला आणि अडलेला नट सोडवायला उत्तम आहे. चेनचं तीन महिन्यांचं वंगण म्हणून ते पुरत नाही. चेनचा ढिलेपणाही याच वेळी बघा: खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर साध्या गाड्यांत साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ असावा, नेमका आकडा पुस्तकात.

क्लचच्या केबलमध्ये वरून तेलाचे थेंब सोडा, ते खाली उतरेपर्यंत लिव्हर दाबत राहा. लिव्हरच्या पिनला, साइड स्टँड आणि डबल स्टँडच्या सांध्याला ग्रीस.

मग एका फडक्यावर थोडं ऑइल घेऊन सगळे उघडे धातू पुसा: पुढच्या शॉकअपचे चकचकीत दांडे, स्पोक, रिम, हँडल, नट-बोल्ट, सायलेन्सरचा बेंड. हात फिरवला तर तेलकट लागावं, ओघळ दिसू नये. जिथे गंजाचा ठिपका आधीच आहे तिथे पॉलिश पेपरने घासून मग तेल. ब्रेकची डिस्क, पॅड आणि ड्रमच्या आत तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये. टायरलाही नको. टाकीला पॉलिश लावा, पण मॅट रंगाच्या टाकीला पॉलिश लावलं की डागाळल्यासारखे चकचकीत पट्टे उठतात, तिला फक्त शाम्पू.

बॅटरी

बॅटरी काढायची ती आधी उणे टोक, मग अधिक टोक. बसवताना उलट. उणे आधी का, तर अधिकाचा बोल्ट सोडताना पाना फ्रेमला टेकला तरी ठिणगी उडू नये म्हणून.

पूर्ण भरलेली, काही तास निवांत ठेवलेली बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर ठेवण्याआधी चार्ज करून घ्या. निरोगी सीलबंद बॅटरी पूर्ण भरून, तारा सोडून ठेवली तर तीन महिने सहज काढते. गाडीतच जोडलेली राहिली तर मीटरचं घड्याळ, अलार्म वगैरे थोडी थोडी वीज खात राहतात. आणि उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात, मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

चार्जिंग हळू करायचं: ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये ट्रकच्या चार्जरला लावून तासाभरात ‘फुल’ करून मिळालेली बॅटरी फार दिवस टिकत नाही. बॅटरी घरात, कोरड्या फळीवर, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते असं जुने लोक सांगतात. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या डब्यांच्या बॅटऱ्यांना ते लागू नाही, पण फळीवर ठेवल्याने बिघडत तर काहीच नाही.

जागा: पडवीत नेमकी कुठे

पन्हळीचं पाणी उडत नाही आणि झड येत नाही असा कोपरा शोधा; कोकणातली झड नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा ती बाजू सोडून. सारवलेल्या जमिनीतून पावसात ओल वर येते, सिमेंटची लादीसुद्धा घाम धरते. खाली जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर फळ्या टाका आणि फळ्यांवर डबल स्टँड लावा. साइड स्टँडवर तीन महिने नको. मागचं चाक अधांतरी राहतं, पुढच्याखाली फळी असतेच.

शेजारी काय आहे ते बघा. जूनमध्ये त्याच पडवीत युरियाची पोती येऊन पडतात. खत हवेतलं पाणी ओढतं आणि त्याचे क्षार धातूला खातात. खत आणि गाडी एकत्र नको. मिठाची पोती असतील तर तेही तेच. भाताचा पेंढा जवळ असेल तर उंदीर आलेच. आणि भरलेली टाकी आहे हे विसरू नका: न्हाणीची चूल, देवाचा दिवा, काजू भाजायची जागा यांपासून लांब.

उंदरांवर हमखास औषध नाही. डांबरगोळ्या लोक ठेवतात, महिन्याभरात त्या विरतात आणि उंदरांना त्यांचं फारसं काही वाटत नाही. त्यापेक्षा वाटा बंद करा. सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी आणि रबरबँड. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी बारीक तारेची जाळी. हे सायलेन्सर आणि नळ्या नुसत्या उंदरांनाच आवडत नाहीत. कुंभारीण माशी मातीचं घर बांधायला असलंच भोक शोधते. जे जे बंद केलंत त्याची आठवण म्हणून ते भडक फडकं हँडलला, किल्लीजवळ घट्ट बांधा. पिशवी काढायची राहिली आणि गाडी सुरू केली तर वितळलेलं प्लॅस्टिक सायलेन्सरला कायमचं चिकटतं.

कव्हर म्हणून रेक्झिन किंवा जाड प्लॅस्टिक घरात वापरू नका. आतली वाफ कोंडते आणि गाडी कव्हराखालीच भिजते. पडवी कोरडी असेल तर जुनी सुती चादर पुरेशी आहे. बाहेर शेडमध्ये ठेवणं भागच असेल तर पाणी अडवणारं पण हवा खेळू देणारं कव्हर घ्या आणि खालची कड जमिनीला टेकू देऊ नका.

गावच्या काकांना काय सांगायचं

‘चालू करू नका.’ हे पहिलं, आणि कागदावर लिहून ठेवा, कारण काका प्रेमापोटी करणारच.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. पंधरा किलोमीटर गाडी चालली की सायलेन्सर तापून ही वाफ निघून जाते. उभ्या उभ्या पाच मिनिटं घुरघुरवली तर सायलेन्सरचं मागचं टोक गारच राहतं, वाफ आतच थंड होऊन पाणी होते आणि पत्रा आतून सडायला लागतो. इंजिनच्या पोटातही तेच: ऑइलमध्ये पाणी मिसळतं, झाकणाच्या आत पांढरट साय धरते. बॅटरीलाही लाभ नाही, कारण स्टार्टरने जेवढी वीज खाल्ली तेवढी मंद गतीवर पाच मिनिटांत भरून येत नाही. चालवायचीच असेल तर कोरड्या दिवशी निदान पंधरा किलोमीटर फिरवून आणा. नाहीतर हात लावू नका.

काकांनी महिन्यातून एकदा, उघाडी बघून एवढं करावं: चादर काढून दोन तास वारा लागू द्यावा, पुढचं चाक पाव फेरी सरकवावं, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर दहा-दहा वेळा दाबावेत, उंदराच्या लेंड्या दिसतात का बघावं, सीटवर बुरशी आली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. चादर काढताना मात्र काठीने उचलावी. कोकणात फुरसं अशाच कोरड्या, अंधाऱ्या आडोशाला वेटोळं करून बसतं.

गणपतीला जागं करताना

घरी पोचल्या पोचल्या किल्ली लावायचा मोह आवरा. काठीने चादर काढा, भडक फडकं बघा, पिशवी आणि जाळी काढा. सीट उघडून वायरी कुरतडल्या आहेत का ते बघा, एअर फिल्टरचा डबा उघडा. ऑइलची काडी काढून बघा: रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर पाणी शिरलंय, गाडी सुरू करू नका. हवा तपासा. बॅटरी जोडा, अधिक आधी.

क्लचच्या पट्ट्या इतके दिवसांत एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. इंजिन बंद ठेवून, गिअर टाकून, क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकला. सुटली की ठीक. नाही सुटली तर पहिला गिअर टाकताच गाडी उडी मारेल, आणि समोर अंगणातलं तुळशीवृंदावन असतं.

कार्बोरेटरच्या गाडीला कॉक उघडून दोन मिनिटं थांबा, वाटी भरू द्या, चोक ओढा, मग किक. इंजेक्शनच्या गाडीला किल्ली दोन-तीनदा चालू-बंद करा. प्रत्येक वेळी टाकीतून पंपाचा बारीक आवाज यायला हवा. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर पंपालाच वीज मिळत नाही, म्हणून अशा गाडीत किक असूनही बहुधा उपयोग होत नाही. सुरू झाल्यावर पहिली मिनिटभर निळसर-पांढरा धूर येईल, तो सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा. घाबरू नका आणि रेसही करू नका.

ब्रेक गावच्या पाणंदीतच तपासा. ड्रमला आतून गंजाचा पापुद्रा चढलेला असतो, त्यामुळे पहिले काही ब्रेक अचानक धरतात. डिस्क असेल तर ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी आणि रंगही बघा. ते ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि गावच्या गाडीचं ते कधीच बदललेलं नसतं. टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

पुरात बुडाली तर

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा शहरभर गाड्या बुडाल्या. अशा गाडीला किल्ली लावू नये, किक मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची तार सोडा. चिखल वाळायच्या आत गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून चाक किंवा किक हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. इंजिन ऑइल, टाकीतलं पेट्रोल, कार्बोरेटरची वाटी सगळं रिकामं करा. एअर फिल्टर नवा घाला. पहिलं नवं ऑइल मोजके किलोमीटर चालवून पुन्हा बदला, ते दुधाळ निघत असेल तर तिसऱ्यांदाही. विमा सर्वसमावेशक असेल तर काहीही उघडण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही.

विम्याची तारीख बरेचदा अशाच उभ्या काळात उलटून जाते, कारण गाडी डोळ्यासमोर नसते. मुदत संपून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झालं नाही तर साठवलेला नो क्लेम बोनस जातो. विमा आणि पीयूसीच्या तारखा मे महिन्यात गाडी बंद करतानाच फोनमध्ये नोंदवून ठेवा, आणि त्या गणपतीच्या आधी संपत असतील तर मुंबईला निघायच्या आधी ते काम उरका. पीयूसीसाठी गाडी प्रत्यक्ष केंद्रावर न्यावी लागते, तेव्हा ते पंपाच्या त्याच फेरीत बसवता येतं.